सांगायचं ते कुणापाशी

अक्का,

तू गेलीस त्या सकाळी चेअरमननी सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकला. नातीच्या बारशातला. पदर डोक्यावर नीट, आणि तोंड फोटो काढणाऱ्यावर रुसल्यासारखं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या रांगेतच कुणीतरी विचारलं, "कशानं गेल्या?" त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, "त्यांना ते होतं ना." तिसरा म्हणाला, "हो, ऐकलं होतं." तू अजून घरातच होतीस, हॉलमध्ये सतरंजीवर. मी तुझ्या पायाशी बसून हे वाचत होते. मग मोबाइल बंद केला आणि पिशवीत टाकला.

"त्या"मुळं तू गेलीच नाहीस. तू गेलीस ती दम लागून, हृदयानं साथ सोडली म्हणून. "ते" वेगळं होतं. बाईच्या शरीराचं, तरुणपणापासून सोसलेलं एक दुखणं होतं, एवढंच मी इथं लिहीन. त्याचं नाव लिहिणार नाही. वाचणाऱ्याला राग आला तरी चालेल. तुझंही नाव लिहीत नाही, नुसती अक्का म्हणते. चिखलीत दर इमारतीत एखादी अक्का सापडेल.

आपली ओळख भांडणानं झाली, आठवतं? तू खाली बाकावर बसून मिश्री लावत होतीस. मी नुकतीच राहायला आले होते. नोकरी संपली तरी सवय जाईना. मी म्हणाले, "अहो बाई, त्या मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर होतो."

तू शांतपणे बोट फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "व्हय का? तोंड माझं हाय. तुमी कोन?"

"मी नर्स होते."

"व्हते ना? आता न्हाई ना?"

आणि तू एवढी हसलीस की मिश्री पदरावर सांडली. त्या दिवसापासून मी तुझी 'सिस्टर'. तुम्ही-आम्ही फार काळ टिकलं नाही. सून ओरडते म्हणून मिश्रीची डबी तू माझ्या घरी ठेवायला लागलीस. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणालीस, आणि मीही "ठेव की गं," म्हणून गेले. डबी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, चहाच्या डब्यामागं. फेकायला हात होत नाही.

तू चाकणच्या पलीकडच्या गावातली. तुमच्या शेतांवर आता कंपन्यांची कंपाउंडं आहेत. मी लातूरकडची, मालकांच्या नोकरीमागं इकडं आलेली. तुमच्याच भागात मी आरोग्यसेविका म्हणून वस्त्यावस्त्यांवर फिरले. तुझ्या धाकटीला लस कदाचित मीच टोचली असेल, असं आपण कितीदा म्हणालो. मालक गेले, मुलगी बंगळुरूला गेली, आणि मला दुपार नकोशी झाली. तू ती दुपार घेऊन टाकलीस. माझ्या टीव्हीवर आपण कबड्डी बघायचो. तुला एकाही खेळाडूचं नाव नीट येत नव्हतं, पण कुणाची पकड कच्ची ते तू बसल्याजागी ओळखायचीस. "पाय धर त्याचा, पाय," असं तू पडद्याला सांगायचीस, आणि त्यानं धरला नाही की माझ्याकडं बघायचीस, जणू मीच त्याला नीट शिकवलं नाही.

सोसायटीत ते तपासणीचं शिबिर झालं तेव्हा मी बंगळुरूला होते. मुलीचं ऑपरेशन होतं, म्हणून महिनाभर तिथं राहिले. परत आले त्या दिवशी बाकावर तू नव्हतीस. दुसऱ्या दिवशीही नव्हतीस. मी तुझ्याकडं सातव्या मजल्यावर आले. तुझ्या सुनेनं, सुनीतानं, दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, बरं झालं आलात. आत्या कुणाशी बोलतच नाहीयेत."

तू आतल्या खोलीत खिडकीकडं तोंड करून बसली होतीस. मी दार लोटून घेतलं. तू म्हणालीस, "कडी लाव." मी कडी लावली. मग तू सांगितलंस, तेही माझ्याकडं न बघता.

सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी मोफत तपासणी होती. पडद्यामागं डॉक्टरीणबाई बसली होती. बोलायला गोड, वयानं तुझ्या सुनेएवढी. तिनं तुझा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, आणखी काही त्रास?" आणि जे तू नवऱ्याला धड सांगितलं नव्हतंस, बहिणीला नाही, मला नाही, ते तिला सांगितलंस. शेजारी एक मुलगी मोबाइलवर टिपून घेत होती. "भरू ना आजी?" तिनं विचारलं. तू म्हणालीस, व्हय. तुझा स्वतःचा फोन नव्हता, म्हणून नंबर मुलाचा, दिलीपचा दिलास, आणि त्यावर आलेले आकडे तिनं त्यालाच फोन करून विचारून घेतले.

मला तेव्हा तुझा थोडा राग आला होता. मी उभ्या आयुष्यात बायकांचं ऐकत आले, आणि रोज शेजारी बसून तू मला सांगितलं नाहीस? तसं विचारलंही. तू म्हणालीस, "तू रोज दिसतीस गं. रोज दिसनाऱ्या माणसाला कसं सांगायचं? ती बाई अनोळखी. म्हनलं, हिला सांगावं आन् मोकळं व्हावं. ही काय परत दिसायची न्हाई."

ती परत दिसली नाही हे खरंच. पण फोन आला.

दिलीप तळवड्यात त्याच्या शेडमध्ये होता. लेथवर काम चालू, हात तेलानं भरलेले, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. बोलणारी बाई आदबीनं बोलली म्हणे. तुझं पूर्ण नाव घेतलं, वय सांगितलं, सोसायटी सांगितली, आणि मग तुझ्या दुखण्याचं नाव घेऊन म्हणाली की आमच्याकडं यावर खास पॅकेज आहे, सवलत या महिन्यापुरतीच आहे. दिलीपला कळेपर्यंत आणि कोपरानं फोन बंद करेपर्यंत तिचं बोलून झालं होतं. शेडमध्ये चार माणसं होती. त्यातली दोन तुमच्या गावची, एक आपल्याच सोसायटीतलं.

संध्याकाळी दिलीप घरी आला. चहा घेतला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तू म्हणालीस, "तुला कशापाय सांगू? तू माझा पोरगा हाय."

त्यानंतर त्यानं तुझी फार काळजी घेतली. फळं आणली, डॉक्टरांचे पत्ते आणले. पण बोलायचा तो भिंतीशी. आणि तुझ्या गावाकडच्या जावेचा फोन आला. तिनं थेट काही विचारलं नाही, पण नेहमीपेक्षा मऊ बोलली. तेच तुला सगळ्यात जास्त लागलं. "तिनं भांडायला पायजेल व्हतं," तू म्हणालीस. "ती कदी माझ्याशी गोड बोललीय का?"

चिंचवडला त्या शिबिरवाल्यांच्या ऑफिसात जायचं हे तूच ठरवलंस. मी म्हणाले, दिलीपला जाऊ दे. तू म्हणालीस, "त्याला पुन्यांदा ते ऐकवायचं?" मग आपण दोघी बसनं गेलो. ऑफिस गार होतं, एसीचं. काउंटरवर एक तरुण होता. वाईट नव्हता तो. त्यानं आपल्याला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

तू म्हणालीस, "बाबा, माझं जे लिहून घेतलंय ते मला परत द्या."

"रिपोर्ट हवाय का आजी?"

"रिपोर्ट नगं. तुमच्यापाशी जे हाय ते काढून टाका. मी त्या बाईला सांगितलं व्हतं. तुमाला न्हाई."

त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं. "आजी, यात तुमची सहमती आहे. ओटीपी पण आलेला दिसतोय, मुलाच्या मोबाइलवर."

"मला 'भरू का' असं विचारलं. मी व्हय म्हनले. फोन करू का, असं कुनी विचारलं न्हाई."

तो उठला. मग आत जाऊन साहेबांना विचारून आला. म्हणाला, होईल, माहिती काढता येईल, फक्त एक अर्ज द्यावा लागेल. मी पर्समधून पेन काढलं. तो सांगू लागला: नाव लिहा, पत्ता लिहा, शिबिराचं ठिकाण लिहा, आणि कोणत्या आजाराची नोंद काढायची त्याचं नाव लिहा.

तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. आणि अक्का, तू हसायला लागलीस. पहिल्या दिवशी बाकावर हसली होतीस तसंच, अंग गदगदा हलवत. तो मुलगा बावरून गेला. "ऱ्हाऊ द्या," तू डोळे पुसत म्हणालीस, "म्हंजे काढायला बी परत सांगायचं का?" आणि उठलीस. दारापर्यंत गेल्यावर मला दिसलं, तू हसत नव्हतीस.

मग आपण गावठाणात घाटावर जाऊन बसलो. नदीला पाणी कमी होतं आणि वासही येत होता, पण तुला घरी जायचं नव्हतं. तिथं आपलं भांडण झालं. आपलं खरं भांडण तेवढंच. मिश्रीचं ते काही खरं नव्हतं.

मी म्हणाले, "अक्का, झालं ते वाईटच झालं. पण लिहिल्याशिवाय चालत नाही गं. कुठल्या गावात किती बायकांना काय होतंय हे वर कळलं नाही तर औषधं तरी कशी येतील? मी हेच काम केलंय."

तू म्हणालीस, "किती बायांना ते सांग की. कुनाला ते कशाला?"

"कुणाला ते कळल्याशिवाय औषध कुणाच्या हातात देऊ?"

तू पायरीवरचा खडा पाण्यात टाकलास. "ते बी खरं," म्हणालीस. मला वाटलं, संपलं. पण मग म्हणालीस, "सिस्टर, तू वस्तीवर यायचीस तवा सासू दारात उभी ऱ्हायची का न्हाई?"

"राहायची."

"मंग तू काय करायचीस?"

"सासूला पाणी आणायला पाठवायचे."

"का?"

मी पर्समध्ये बसचं तिकीट शोधायला लागले. तू म्हणालीस, "बग. तुला कळत व्हतं."

मला ते पटलं होतं, पण मी हार मानली नाही. मी तुला सांगितलं की लाजेपायी गेलेल्या बायका मी पाहिल्यात. गाठ पदराखाली लपवून स्वयंपाक करत राहिलेल्या. एकीला तर आम्ही उचलून जीपमध्ये घातलं तेव्हा तिच्या नवऱ्याला पहिल्यांदा कळलं. बोलायला पाहिजे, अक्का, नुसतं झाकून कोण वाचलंय? तू म्हणालीस, "बोलायचं न्हाई असं मी कुटं म्हनतीय? कुनापाशी बोलायचं ते माझं मला ठरवू द्या." मी म्हणाले, ठरवता ठरवता उशीर होतो. तू म्हणालीस, "व्हऊ दे." आणि उठून चालायला लागलीस. बसमध्ये आपण वेगवेगळ्या बाकड्यांवर बसलो. हे भांडण मिटलं नाही. मी अजूनही म्हणते उशीर होतो, आणि आता तू उलट बोलत नाहीस.

पण एक चांगलं झालं. चार दिवसांनी तूच माझ्या दारात आलीस आणि म्हणालीस, "तुझ्या वळखीची कुनी डॉक्टरीन हाय का, जुनी?" मी तुला चाकणला एका डॉक्टरबाईंकडं नेलं. नोकरीत असताना माझं त्यांच्याकडं जाणं-येणं होतं. आता त्यांचे केस पांढरे झालेत, दवाखाना तोच, एका खोलीचा. त्यांनी मदतनीस बाईला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि तुझ्याकडं बघून म्हणाल्या, "बोला. वेळ आहे." मी उठायला लागले तर तू माझा हात धरलास. त्या वेळी मी पहिल्यांदा सगळं ऐकलं. केव्हापासून, कसं, आणि तशा अवस्थेत तू काय काय कामं केलीस. नर्स म्हणून मी खूप ऐकलंय. तुझं ऐकताना मात्र मी नर्स नव्हते.

उपचारानं तुला पुष्कळ बरं वाटलं. तू परत बाकावर यायला लागलीस. चेअरमनच्या चालण्याची नक्कल करायला लागलीस. बागेत बसणाऱ्या बायका तुला आधीसारखं "अक्का, बसा ना" म्हणायच्या, पण जरा जास्तच सरकून जागा करायच्या. तू मान वर करून बसायचीस. ते बळ कुठून आणायचीस ते मला माहीत नाही. मी तुझ्या शेजारी बसायचे म्हणून मलाही त्यातलं थोडं मिळायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू गेल्यावर मला स्वतःच्याच घरातून खाली उतरायला धीर गोळा करावा लागतो, हेही सांगायचं राहिलं.

आणि मग तो दम. मला सुनीतानं सांगितलं, तू गेल्यावर. शेवटचे कितीतरी दिवस तू भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचीस. आडवं झालं की गुदमरायचं. तिनं विचारलं तर "पित्त झालंय" म्हणालीस. दिलीपला सांगते म्हणाली तर तिला शपथ घातलीस. आणि मला? बाकापर्यंत येताना मधेच थांबायचीस आणि म्हणायचीस, "चप्पल चावतीय." मी तुला नवी चप्पल आणून दिली, अक्का. ती घालून तू दोन पावलं चालून दाखवलीस आणि "आता बरं हाय," म्हणालीस. मला तुझा इतका राग येतो की मी एकटीच घरात तुझ्याशी मोठ्यानं भांडते.

तू का लपवलंस ते मला माहीत आहे. दिलीपनं तुला मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, तिथं कुणीतरी नंबर विचारला असता, आणि परत एक फोन शेडमध्ये वाजला असता. शिबिरवाल्यांनी तुला मारलं असं मी म्हणणार नाही. तुझं वय होतं, हृदय थकलं होतं. पण एकदा धीर करून उघडलेलं तुझं तोंड त्यांनी बंद केलं. पण माझ्यापाशी का बंद केलंस, ते मला समजत नाही. मी कुणाला सांगितलं असतं? की मी परत म्हणाले असते, लवकर चल, उशीर होतो, याची तुला भीती वाटली?

तेरावं झाल्यावर दिलीप माझ्याकडं आला. दुपारची वेळ होती. तुझ्या खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, "मावशी, त्या शिबिरवाल्यांचे फोन अजून येतात. काल विचारत होती, आईंची तब्येत आता कशी आहे."

"मग तू काय म्हणालास?"

"बरी आहे म्हणालो." तो हातांकडं बघत राहिला. "गेली म्हणालो असतो तर पुढचं विचारलं असतं."

मी चहा ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, तिला लई त्रास होता का हो? कधीपासून होता? तुम्हाला सगळं माहीत आहे."

"तिनं मला सांगितलं होतं, म्हणून माहीत आहे."

"म्हणूनच तर तुम्हाला विचारतोय."

"म्हणूनच सांगत नाही, दिलीप."

तो रागावेल असं वाटलं. मुलगा आहे, त्याचा हक्क आहे. माझं चुकतंय का, असंही वाटून गेलं. पण त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "माझ्यावर रागावली होती का?"

हे मात्र मी सांगितलं. कारण ते तू घाटावर म्हणाली होतीस, आणि मला वाटतं, ते त्याच्यापर्यंत पोचावं असंच तुला वाटत होतं. मी म्हणाले, "तू भिंतीकडं बघून बोलायचास ते तिला लागलं होतं. पण ती म्हणाली, याचा बाप असता तर त्यानंही भिंतीकडंच बघितलं असतं, माझ्या पोराचं काय चुकलं."

दिलीप खाली बसला आणि रडला. तेलाचे डाग पडलेला शर्ट होता, त्याच्या बाहीनं डोळे पुसत होता. मी त्याला रडू दिलं. चहा गार झाला, तो परत गरम केला. तो गेल्यावर मी दार लावलं आणि घरात दोन कप बघून मला कसंतरी झालं.

परवा मी चाकणला जाऊन आले. मलाही बरेच दिवस काहीतरी होतंय, तुझ्या गडबडीत राहून गेलं होतं. मुलीला सांगितलं तर ती विमानानं येईल आणि चार दिवसांत दहा तपासण्या करून घेईल, म्हणून तिला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी दार लावलं. म्हणाल्या, "बरोबर कुणी आलंय का?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एक शब्द न बोलता. तपासलं. गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कंपन्यांची सुट्टी झाली होती, रस्त्यावर गाड्याच गाड्या, बस रांगत होती. सांगण्यासारखं होतं ते सगळं डॉक्टरबाईंना सांगून झालं होतं. तरीपण मी तुला ते परत पहिल्यापासून सांगत होते, कुठं दुखतं, कधी सुरू झालं, काय म्हणाल्या. माझे ओठ हलत असावेत. कंडक्टर जवळ आला आणि वाकून म्हणाला, "आजी, मला काही म्हणालात का?"

"नाही हो," म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड केलं.